कास चॅरिटी सायकल राइड: वर पोचलेल्या 58 जणांना खाली कसं आणलं

हे प्रकरण साताऱ्यातल्या एका सायकल ग्रुपचं आहे. लोकांची नावं, ग्रुपचं नाव, देणगीदार कोण होते हे सगळं काढून टाकलंय, माणसं त्यांच्या कामावरून ओळखा. मी त्या दिवशी मागच्या गाडीत डॉक्टरांसोबत होते आणि आधीच्या मीटिंगलाही होते. आता जिकडंतिकडं चॅरिटी राइड निघायला लागल्यात, चांगलंच आहे, पण मदत गोळा करायच्या नादात माणसं घाटात नेताना काय काय बघावं लागतं ते कुणीतरी नीट लिहायला पाहिजे म्हणून हे लिहितेय.

पार्श्वभूमी

ग्रुप साधाच, पंधरा-वीस नेहमीची माणसं. शाळेतले एक सर (सगळं जमवणारे तेच), एक डॉक्टर, सायकल दुकानवाला दादा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर काका, बाकी नोकरीवाले आणि कॉलेजची पोरं. पहाटे कुणी यवतेश्वर घाट चढतं, कुणी लिंबला बारा मोटेच्या विहिरीपर्यंत जाऊन येतं, रविवारी जरा लांब.

जावळी तालुक्यात वाड्यावस्त्यांवरून हायस्कूलला चालत येणाऱ्या मुली आहेत, आठवी-नववीला आल्या की अंतर वाढतं आणि घरचे म्हणतात बास झाली शाळा. ज्यांचा रस्ता सायकल चालवण्यासारखा आहे अशा 40 मुलींना सायकली द्यायच्या असं ठरलं. एक सायकल साधारण साडेपाच हजाराला पडत होती, म्हणजे सव्वादोन लाखाच्या आसपास लागणार. मग राइड काढायची आणि देणगीदारांनी किलोमीटरमागे पैसे द्यायचे, जितके सायकलवाले तितके पटीत. आकडा सांगायला सोपा, लोकांना कल्पना आवडली. एका मोठ्या देणगीदाराने एका सायकलस्वारामागे किलोमीटरला 20 रुपये कबूल केले. समजा 60 जणांनी 50 किलोमीटर मारले तर त्यांचेच 60 हजार होतात.

रूट ठरला यवतेश्वर घाट चढून, पठारावरून, सातारा ते कास तलाव आणि परत. जायचे साधारण 25, यायचे 25. तारीख ऑगस्टचा शेवटचा रविवार, म्हणजे कासला फुलं यायला लागलेली असतात, फोटो चांगले येतात आणि शाळेचं वर्षही फार पुढं गेलेलं नसतं.

वीसेक जणांचा अंदाज होता, फॉर्म आले सत्तरच्या पुढं. लोक मनापासून आले होते हे आधी सांगते. कुणी आपल्या मुलीला घेऊन, कुणी ऑफिसातल्या चौघांना घेऊन. पण फॉर्मवर ‘घाट सायकलने उतरलाय का’ असा एक रकाना डॉक्टरांनी हट्टाने घालायला लावला होता, त्यात निम्म्याहून जास्त लोकांनी ‘नाही’ लिहिलेलं. सगळ्या प्रकरणात त्या एका रकान्याचा जितका उपयोग झाला तितका कशाचाच झाला नाही.

अडचण नेमकी कुठं होती

घाट चढताना माणूस दमतो, धापा टाकतो, उतरून चालतो, यात फार धोका नाही. वेग ताशी सात-आठ किलोमीटर, पडला तरी गुडघा खरचटणार. धोका सगळा उतारात.

मीटिंगमधे ड्रायव्हर काका म्हणाले, “आवो, धुक्यात आम्ही एसटी दुसऱ्या गिअरवर टाकून उतरवायचो, ब्रेकला पाय नुसता लावून ठेवायचा. तुमच्या सायकलीला इंजिन ब्रेक कुठनं आणणार?” मला वाटतं हे सगळ्यांनी पक्कं डोक्यात ठेवावं. सायकलीला वेग धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं, दोन ब्रेक आणि तुमची दोन मनगटं, आणि पावसात रिम ओली असली की ब्रेकचं रबर पहिल्यांदा पाणी पुसतं आणि मग पकडतं, तेवढ्यात सायकल चाकाचे दोन-चार फेरे पुढं गेलेली असते.

हिशोब दादाने फळ्यावर मांडला. ताशी 30 ला कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असतील तर, समोर काही दिसल्यापासून सायकल पूर्ण थांबेपर्यंत साधारण 20 मीटर जातात. ताशी 45 ला तेच 38-40 मीटर. कारण वेग दीडपट झाला की ब्रेक धरल्यानंतरचं अंतर दीडपट वाढत नाही, दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन पट होतं, ते वेगळं आणि बोटं ब्रेकवर जाईपर्यंत गेलेलं अंतर वेगळं. ओल्या रस्त्यावर याहून बरंच जास्त. आणि उतारावर 45 यायला काही करावं लागत नाही, पॅडल थांबवून नुसतं बसलं तरी येतो.

त्यात रविवार. यवतेश्वर, कास, भांबवलीचा वजराई धबधबा, बामणोली, सगळीकडं जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या त्याच रस्त्याने. सात-साडेसातनंतर वर चढणारी रांग लागते, वळणावर ओव्हरटेक करणारे असतातच, आणि आपण उतरायच्या वेळेला ती रांग ऐन भरात असते.

तिसरी अडचण पैशाची, आणि ती शेवटपर्यंत कुणी अडचण म्हणून नीट बघितलीच नाही असं माझं मत आहे. पैसे किलोमीटरला बांधले की प्रत्येक किलोमीटर कुणाच्या तरी सायकलचा भाग होऊन बसतो. परत फिरणारा माणूस दमला म्हणून परत फिरत नाही, त्याला वाटतं मी एका मुलीचे पैसे कमी केले. नेहमीच्या रविवारच्या राइडला पाऊस वाढला तर कुणीही म्हणतं चला परत, वडापाव खाऊ आणि घरी जाऊ. चॅरिटी राइडमधे तेच वाक्य तोंडातून निघत नाही.

काय काय पर्याय होते

मीटिंग दुकानाच्या माळ्यावर झाली आणि चांगली तापली.

पहिला पर्याय, तारीख डिसेंबरला ढकलायची. धुकं-पाऊस गेलेला, रस्ता कोरडा. पण मुलींना सायकली पाहिजेत आत्ता, आणि जमलेले देणगीदार चार महिने थांबतील का.

दुसरा, सपाट रस्ता धरायचा, कोरेगावच्या बाजूला किंवा लिंबकडं. ऐकायला बिनधोक वाटतं पण वाढे फाट्याचं क्रॉसिंग, हायवेचा सर्व्हिस रोड, उलटीकडून येणारे टू-व्हीलरवाले, हे नवख्या माणसांच्या साठ सायकलींना सोपं नाही. आणि हाच रस्ता डिसेंबरला धरला तर उसाचे ट्रॅक्टर. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. ज्यांनी पहाटेच्या अंधारात असली ट्रॉली ऐनवेळी समोर बघितलीय त्यांना सांगायला नको. सपाट रस्ता म्हणजे सेफ रस्ता हे साताऱ्यात तरी गृहीत धरू नये.

तिसरा पर्याय ड्रायव्हर काकांचा. फक्त चढायचं, उतरायचं गाडीतून, सायकली टेम्पोतून. देणगी फक्त चढाईवर. याला सगळ्यात जास्त विरोध झाला, पोरं म्हणाली मग राइड कसली ती, सहल झाली.

चौथा, ठरल्याप्रमाणे पूर्ण राइड, पण जागोजागी माणसं उभी करून.

शेवटी तिसऱ्या आणि चौथ्याची खिचडी झाली. ज्यांनी ‘घाट उतरलो नाही’ लिहिलंय ते फक्त चढणार, खाली टेम्पोने. बाकीचे सायकलने उतरणार, पण कासला पोचल्यावर डॉक्टर आणि ड्रायव्हर काका दोघांनी मिळून हो म्हटलं तरच. दोघांपैकी एकाने नको म्हटलं तर नको, त्यावर चर्चा नाही. हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

धुक्याचा नियमही आधीच ठरवला, मला ही गोष्ट फार आवडली. एक माणूस सायकलचा मागचा लाल लाईट लावून चालत निघणार, दुसरा उभा राहून बघणार. 50 पावलांच्या आत लाईट दिसेनासा झाला तर कुणी उतरायचं नाही. ‘धुकं जास्त वाटतंय का’ या प्रश्नाला दहा माणसं दहा उत्तरं देतात, पावलं मोजली की वाद मिटतो. 50 पावलं म्हणजे पस्तीसेक मीटर.

देणगीदारांना मेसेज गेला की कृपया किलोमीटरवर न देता एका सायकलस्वारामागे ठराविक रक्कम द्या, राइड कुठं थांबवावी लागेल सांगता येत नाही. बहुतेकांनी लगेच हो म्हटलं. 20 रुपयेवाले मोठे देणगीदार म्हणाले, जे कबूल केलंय तेच देईन, किलोमीटर पूर्ण करा. सर त्यांच्याशी आणखी बोलायला तयार नव्हते, मोठी रक्कम हातची जायला नको म्हणून विषय तिथंच सोडला.

राइडच्या आधी काय केलं

पोलिसांच्या वाहतूक शाखेला अर्ज, त्यांनी अटी घातल्या, एकाच बाजूने एका रांगेत, वाहतूक अडवायची नाही. कास पठाराच्या समितीला कळवलं. 108 ला फोन करून कार्यक्रमाची कल्पना दिली, डॉक्टरांच्या ओळखीने जिल्हा रुग्णालयातही सांगून ठेवलं.

प्रत्येकाच्या बिबच्या, म्हणजे अंगावर लावायच्या नंबराच्या, मागच्या बाजूला रक्तगट, घरचा नंबर आणि चालू गोळ्या लिहिल्या. पेनने नको, मार्करने, पावसात पेन पुसतं. आठ-आठची टोळी, प्रत्येक टोळीला पुढचा एक आणि शेवटचा एक. शेवटच्याने कुणालाही मागं सोडायचं नाही, कितीही हळू असला तरी. रेंजचा भरवसा नव्हता म्हणून मोटारसायकलवर दोन पोरं, एक वर एक खाली, निरोप्याचं काम त्यांचं.

शनिवारी संध्याकाळी दुकानात सायकली तपासल्या आणि इथं जरा थांबते, कारण हे काम कुठलाही ग्रुप फुकटात करू शकतो. दादा आधी ब्रेकची मूठ दाबून बघायचा, मूठ हँडलला टेकली की सायकल बाजूला. मग ब्रेकच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवायचा. चांगल्या रबरात नख जरा तरी रुततं. जुनं रबर वर चकाकतं आणि नख घसरतं, असलं रबर दिसायला जाड असलं तरी ओल्या रिमवर काही कामाचं नाही. मग पुढचं चाक उचलून फिरवायचा आणि डोळा रिमच्या रेषेत धरून आऊट, म्हणजे चाक वाकडं फिरतंय का, बघायचा. त्या संध्याकाळी ब्रेक रबरांच्या जोड्या बदलूनच त्याचे हात काळे झाले, पैसे कुणाकडून घेतले नाहीत. एका बापाने मुलीसाठी शेजाऱ्यांची सायकल मागून आणली होती, तिच्या मागच्या ब्रेकची केबल आतून गंजून दोन तारांवर आली होती. बाहेरून नवीकोरी. ती तशीच घाटात गेली असती.

हेल्मेट सक्तीचं, नसेल त्याला दुकानातून एक दिवस वापरायला. फॉर्मवर ‘मी माझ्या जबाबदारीवर’ अशी सही घेतलेली होती, पण त्या सहीने काय होतं? पडलेल्या माणसाला उचलायची जबाबदारी काही त्या कागदाने जात नाही. एका दिवसाचा अपघात विमा काढायचा विषय निघाला होता, वेळेअभावी राहिला.

गाड्या होत्या दोन छोटा हत्ती आणि एक डॉक्टरांची गाडी. घाट न उतरणाऱ्या तीसेक जणांच्या सायकली दोन-तीन फेऱ्यांत जातील असा हिशोब होता. हा आकडा लक्षात ठेवा.

त्या दिवशी काय झालं

सहाला क्रीडा संकुलापासून 61 जण निघाले, बाकीचे आदल्या रात्रीचा पाऊस बघून आले नाहीत. समर्थ मंदिरापासून पुढं बोगद्याकडं न जाता यवतेश्वरचा रस्ता धरला, चढ सुरू. पावसाची बुरबुर होती पण दिसत होतं नीट. घाटात एका शाळेच्या मॅडमना गरगरायला लागलं. काही न खाता निघाल्या होत्या. डॉक्टरांनी बसवलं, ओआरएस दिलं, नाडी बघितली आणि गाडीत बसा म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “अहो, माझ्या वर्गातल्या मुलींनी पैसे जमवलेत माझ्या नावावर, मी कशी बसू?” बघा, किलोमीटरचं गणित असं अंगावर येतं. डॉक्टर तिथं बसूनच त्यांच्याशी पाचेक मिनिटं बोलत राहिले, वर्गातल्या मुलींना काय सांगायचं यावरच बोलले, तब्येतीवर नाही. मग त्या बसल्या. आणखी दोघं त्यांच्यासोबत खाली गेले. उरले 58.

पठारावर आल्यावर धुकं भरलं. कासच्या तलावाशी साडेआठच्या पुढं सगळे पोचले. लाल लाईट घेऊन एक जण चालत निघाला, सगळे बघत होते, आणि 30 पावलांच्या आसपास लाईट गेला. पुन्हा केलं, तेच. ड्रायव्हर काका बोलले, “कुणीबी उतरायचं न्हाय.” डॉक्टरांनी मान हलवली. झालं.

बारा-पंधरा चांगल्या सायकलवाल्यांनी कुरकुर केली. खालून येणाऱ्या गाडीचा हॉर्न ऐकू येत होता पण ती कुठल्या वळणावर आहे कळत नव्हतं, तरी म्हणे हळूहळू उतरू. एकाने मोठ्या देणगीदाराचं नाव काढलं, किलोमीटर कमी झाले तर ते पैसे देणार नाहीत म्हणाला. सर गप्प बसले. काका म्हणाले, ते मी बघतो, आधी सायकली लावा. लेखी ठरलेलं होतं म्हणून वाद तिथं थांबला, नाहीतर अर्धा तास तरी गेला असता.

खरी फजिती यानंतर. गाड्यांचा हिशोब तीस सायकलींचा, आता खाली न्यायच्या 58. एका छोट्या हत्तीत उभ्या करून, मधे गोणपाट घालून बारा सायकली बसतात. म्हणजे पाच फेऱ्या, दोन गाड्या, आणि धुक्यातून खाली जाऊन सायकली उतरवून परत वर यायला दोन तास कुठं गेले कळत नाही. आणि ही फक्त सायकलींची गोष्ट, माणसं कशात बसणार? राइड रद्द करायची तयारी मनाने झाली होती, गाड्यांनी झाली नव्हती.

वर पाऊस वाढला. सगळ्यांच्या अंगावर स्पॉन्सरने दिलेले कॉटनचे टीशर्ट, घामाने आतून ओले आणि पावसाने बाहेरून. चढताना अंग गरम असतं, थांबलं की पंधरा मिनिटांत हुडहुडी भरते. कॉलेजच्या एका मुलीचे ओठ निळसर व्हायला लागले, दात वाजत होते, नाव विचारलं तर अडखळत सांगितलं. डॉक्टरांनी तिला गाडीत घेऊन ओला टीशर्ट काढायला लावला, कोरडी शाल, गोड चहा. टपरीवाल्या आजींनी आपल्या घरातली खताची रिकामी धुतलेली पोती आणली आणि त्यांच्या खोळी करून एकेकाच्या डोक्यावर घातल्या. शहरातली पोरं आधी हसली, मग मागून घ्यायला लागली. पोत्याच्या खोळीत वारा लागत नाही, त्या दोन तासांत तेवढ्यानेच बऱ्याच जणांची थंडी आवरली.

ड्रायव्हर काकांनी जवळच्या गावातून दोन पिकअप आणि तीन जीप भाड्याने जमवल्या, ओळखी उपयोगी पडल्या. पण त्यात वेळ गेला, आणि सव्वादहाच्या सुमाराला दोन पोरं कुणाला न सांगता सायकली काढून निघून गेली.

कळलं कसं? पिकअपमधे सायकल चढवताना बिब नंबरवर खूण केली जात होती. दहा चाळीसला दोन नंबर जागेवर नाहीत हे दिसलं. वरच्या निरोप्याला लगेच मोटारसायकलवर मागं पाठवलं. खूण करायची पद्धत नसती तर घरी पोचेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

पोरांनी पठारावरचा धुक्याचा रस्ता हळू, जपून काढला. यवतेश्वर घाटात खाली धुकं विरळ झालं, रस्ता दिसायला लागला आणि त्यांनी वेग सोडला. एका वळणावर कडेची खडी रस्त्यावर वाहून आलेली, समोरून ओव्हरटेक करत येणारी कार, पुढच्या पोराने दोन्ही ब्रेक एकदम आवळले आणि सायकल खालून निसटली. तो खांद्यावर पडला, हेल्मेट रस्त्यावर आपटलं. कार थोडक्यात चुकवून निघून गेली.

कणसं भाजणाऱ्या एका मावशींनी छत्री त्याच्यावर धरली आणि येणाऱ्या गाड्यांना हाताने थांबवलं. तिथं जमलेले दोन-तीन जण ‘पोलिसांचं लफडं नको’ म्हणून बाजूला झाले होते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आलंय, जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी केस होत नाही, नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. हे घाटातल्या टपरीवाल्यांना आधी जाऊन सांगायला पाहिजे, कारण अपघाताच्या जागी सगळ्यात आधी तेच असतात.

पोरगा पडल्यावर पाच-सात मिनिटांत निरोप्या तिथं पोचला. घाटात रेंज होती, त्याने 108 लावला आणि मग डॉक्टरांना. वर टपरीच्या मागच्या बाजूला तेवढी रेंज मिळत होती, मी फोन धरून उभी होते.

आता डॉक्टरांनी ठरवायचं होतं. खाली एक जखमी, वर तीसेक माणसं कुडकुडत, त्यातली एक मुलगी नजरेखाली ठेवावी लागेल अशी. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, बोलतोय का आणि हातपाय हलवतोय का. दोन्ही हो. मग म्हणाले मी वरच थांबतो. घाटातल्या त्या जागेला साताऱ्याची ॲम्ब्युलन्स लवकर पोचणार होती, डॉक्टरांना कासवरून धुक्यातून तिथं यायला पाऊण तास लागला असता. फोनवर सांगत राहिले, त्याला उठवून बसवू नका, मान हलवू देऊ नका, हेल्मेट ओढून काढू नका, अंगावर काहीतरी टाका, हात छातीशी धरून ठेवायला सांगा, आज कुठला वार आहे ते मधेमधे विचारत राहा. पाणी देऊ नका असंही सांगितलं, कारण ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं पाहिजे. आपल्याकडं पडलेल्या माणसाच्या तोंडाला पहिल्यांदा पाणी लावतात, मावशी बाटली घेऊन उभ्याच होत्या.

शेवट काय झाला

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, हात गळ्यात बांधून काही आठवडे घरी. हेल्मेटला आतून तडा गेला होता, ते दुकानात टांगून ठेवलंय. निळ्या ओठांची मुलगी तासाभरात ठीक झाली. शेवटची माणसं साडेबाराला खाली आली. कंदी पेढ्यांची पाकिटं वाटायची होती ती घरोघरी पोचवली.

मोठ्या देणगीदारांनी फक्त चढाईच्या किलोमीटरचे पैसे दिले, म्हणजे कबूल केलेल्यातले निम्मे. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी आधीच सांगितलं होतं. पाच सायकली कमी पडल्या. 35 मुलींना सप्टेंबरमधे मिळाल्या आणि उरलेल्या पाच जणींना दिवाळीनंतर, ग्रुपने आपसात गोळा करून. त्या पाच जणी कोण हे ठरवायचं काम शाळेवर आलं, ते शिक्षकांना फार जड गेलं.

वेगळं काय करता आलं असतं

ग्रुपमधे यावर अजून दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, पोरगा धुक्यात पडलाच नाही, धुकं संपल्यावर पडला, म्हणजे राइड थांबवायचा निर्णय वेगळा आणि अपघात वेगळा. मला हे पटत नाही. ती पोरं ग्रुपमधून उतरली असती तर पुढं लीडर असता, त्याच्या पुढं कुणी गेलं नसतं, आणि वेग आपोआप राहिला असता. ती एकटी गेली कारण दीड तास पावसात उभी होती आणि गाडीचा पत्ता नव्हता. बेशिस्त पोरं म्हणून विषय संपवणं सोपं आहे, पण थंडीने कुडकुडणाऱ्या वीस वर्षांच्या पोराकडं सायकल आहे आणि खाली उतार आहे, तो किती वेळ थांबेल?

म्हणून माझ्या मते पहिली गोष्ट, गाड्या सगळ्यांच्या हिशोबाने पाहिजेत. 60 सायकली वर नेणार तर 60 सायकली आणि 60 माणसं एकदम खाली आणता येतील इतकी सोय आधी बोलून ठेवायची, लागली नाही तर थोडं भाडं जाईल. वरच्या गावातल्या पिकअपवाल्यांना आदल्या दिवशीच विसार दिला असता तर दहाच्या आत सगळे गाडीत असते. मी तर म्हणेन गाड्या मिळतात तेवढेच फॉर्म घ्यायचे.

दुसरी, सायकल न चालवण्याचा निर्णय झाला की सायकली लगेच ताब्यात घ्यायच्या, टोळीप्रमाणे एकत्र उभ्या करून पुढच्या चाकांतून एक साखळी. कडक वाटेल, पण तिथं उभं राहून कोण कोण आहे ते बघत बसण्यापेक्षा बरं. आणि प्रत्येक टोळीच्या शेवटच्या माणसाचं काम कासला पोचल्यावर संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं, ते घरी पोचेपर्यंत त्याच्याकडंच राहायला पाहिजे होतं.

तिसरी, कोरडे कपडे. एक जादा टीशर्ट आणि प्लास्टिकचा रेनकोट पिशवीत घालून, पिशवीवर नंबर टाकून टेम्पोत. कॉटनच्या टीशर्टचा खर्च या रेनकोटांवर गेला असता तर किती बरं झालं असतं.

चौथी, पैशाची. मोठ्या देणगीदारांशी आणखी एकदा बसून बोलायला पाहिजे होतं, आणि तरी ऐकलं नसतं तर ती रक्कम टार्गेटमधे धरायलाच नको होती. 29 सायकलींचं टार्गेट ठेवून 35 दिल्या असत्या तर पाच मुलींना थांबा सांगायची वेळ आली नसती. आणि वर धुक्यात कुणी किलोमीटर मोजत बसलं नसतं.

विमा पुढच्या वेळी आधी, फॉर्म छापायच्या आधी. हॉस्पिटलचा खर्च ग्रुपने उचलला, घरच्यांनी मोठं मन दाखवलं म्हणून निभावलं.

जे बरोबर झालं तेही सांगायला पाहिजे. ‘घाट उतरलाय का’ हा रकाना, नख रुतवून बघितलेली रबरं, 50 पावलं, दोघांपैकी एकाचा नकार पुरे हा नियम, बिबवरची खूण. यातलं काहीच नसतं तर त्या धुक्यात साठेक सायकली उतारावर असत्या, त्यातल्या कितीतरी नवख्यांच्या.

पुढच्या राइडबद्दल अजून ठरलेलं नाही. पोरांना कासच पाहिजे, डिसेंबरात, स्वच्छ ऊन असताना. ड्रायव्हर काका म्हणतात डिसेंबरात जा पण पहाटे अंधारात निघू नका, उजाडल्यावर निघा, आणि उतार तरीही टेम्पोतूनच. मी काकांच्या बाजूने आहे. फक्त चढाईची राइड म्हणून सरळ जाहीर करावी, पोस्टरवरच लिहावं की खाली येताना सायकल गाडीत जाणार. ज्यांना हे कमीपणाचं वाटतं त्यांच्यासाठी बाकीचे रविवार आहेतच की.